गाढवाच्या पाठीवरचा खड्डा

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

गाढवाला रंगाचा पहिला हात दिला आणि वाळायच्या आत पुसून टाकला. खराट्याने अंगण झाडल्यासारख्या रेघा! चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या मी. माझ्या हातून गेलेल्या बॉनेटमध्ये बघून लोक भांग पाडायचे. आणि आज दीड वितीचं, बसलेलं, प्लास्टरचं गाढव मला दाद देत नाही.

हा रंगच नव्हे मुळात. पाणी आहे. शाळेतल्या पोरी चित्रकलेच्या तासाला वापरतात तसला. ॲक्रिलिक म्हणे. दुकानदार सांगतो, "अबू शफीक, आता सगळे हाच नेतात. वास नाही, काही नाही." ज्याला वास नाही तो रंग कसला? पण डॉक्टरने थिनर बंद केलाय. माझ्या फुप्फुसांचा फोटो उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाला, एवढंच शिल्लक आहे, जपून वापर. वर आमचे पाद्री अबूना साबा म्हणाले, नाताळात चर्चमध्ये गॅरेजचा वास नको. तेव्हा स्प्रे गन माळ्यावर, आणि मी ब्रश धरून बसलोय.

जेवणाच्या टेबलावर अकरा पुतळे. चर्चमध्ये दरवर्षी नाताळची गुहा मांडतात, तिच्यातले. मरियम, योसेफ, बाळ, तीन राजे, दोन मेंढपाळ, देवदूत, बैल, गाढव. ओल्गा म्हणाली, "आणि आपण जेवायचं कुठं? बैलाच्या पाठीवर?"

बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

शनिवार, १९ नोव्हेंबर

परत दिला. परत रेघा. परत पुसला.

सोमवार, २१ नोव्हेंबर

आज सगळे पुतळे नीट तपासले. ज्या कुणी आजवर हे रंगवले त्याला माझ्या गॅरेजच्या दारात उभं केलं नसतं. रंगावर रंग, रंगावर रंग! योसेफाची दाढी नुसता गोळा झालीय. मरियमच्या गालावर ब्रशचा केस चिकटलाय आणि त्याच्यावरूनच पुढचे तीन रंग फिरवलेत. केस उपटायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. अख्खा दिवस जुना रंग खरवडण्यात गेला.

सगळ्यात कळस म्हणजे गाढव. पाठीवर, खांद्याच्या जरा मागे, एक खड्डा. वाटाण्यापेक्षा लहान, पण खोल. बॅटरी लावून बघितलं तर तळाशी चक्क बोटाच्या रेघा! म्हणजे प्लास्टर ओलं असताना कुणीतरी बोट खुपसलं आणि बनवणाऱ्याने ते तसंच ठेवलं. बनवणारा कोण, तर म्हणे मुअल्लिम बशारा. मोठा उस्ताद. मरून तीस वर्षं झाली तरी या मोहल्ल्यात त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. आणि साधा एक खड्डा बुजवता आला नाही उस्तादाला!

शिवाय त्या खड्ड्याभोवतीची जागा तेलकट, काळी. नुसती तेवढीच, आणि रंगाचा ब्रश तिथं कुणी नेलेलाच नाही. पन्नास वर्षं कुणीतरी रोज तिथं हात पुसत आल्यागत. बाकी गाढव स्वच्छ. लोकांना चर्चमध्ये हात पुसायला जागा मिळत नाही वाटतं.

मला खड्डा बघवत नाही. गाडीचा असो, गाढवाचा असो. माळ्यावरून पत्र्याचे पोचे बुजवायच्या लांबीचा डबा काढला, हार्डनर घालून कालवली, भरली. खरं तर आधी पॉलिश पेपर मारून जागा खरखरीत करायला हवी होती. खरखरीत जागेलाच लांबी धरते. पण एवढ्याशा भोकात पेपर जाणार कसा? आणि तेल काढायला थिनर हवा, तो बंद. कोरड्या फडक्याने पुसलं आणि भरलं. माझ्याकडच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. पण हे गाढव आहे, मर्सिडीज नाही.

वरून पेपर मारला. आता डोळे मिटून हात फिरवला तर कळत नाही खड्डा कुठं होता ते.

बुधवार, २३ नोव्हेंबर

चिडचिड, चिडचिड, चिडचिड. पाच वेळा रंग दिला, पाच वेळा धुतला. रेघा पडू नयेत म्हणून जाड दिला तर संत्र्याच्या सालीसारखा झाला. पातळ केला तर खालचं प्लास्टर दिसायला लागलं. शेगडीजवळ ठेवला तर वरून वाळला आणि आतून ओला. बोट लावलं तर साय सरकावी तसा सरकला!

ओल्गा बटाटे सोलत माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू एकाच हातात सगळं झाकायला बघतोयस."

"मग? दहा हात देऊ?"

"दे की. तुला कुठं जायचंय? आणि एकदा फिरवलेल्या जागेवर लगेच परत का फिरवतोस? खीर गोठायला लागली की तिच्यात चमचा घालतं का कुणी? फिरवलं की सोड. सुकू दे. मग पुढचा."

मी म्हटलं, चाळीस वर्षं रंगकाम केलेल्या माणसाला खीर करणारी शिकवणार आता. ती म्हणाली, "मी कुठं शिकवतेय. मला फक्त माझं टेबल परत हवंय."

डोक्यात तिडीक गेली. बाहेर जाऊन दोन फेऱ्या मारून आलो.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

तिचं खरं निघालं. लिहितोय खरं, पण तिला सांगणार नाही.

रंग दुधाइतका पातळ करायचा. ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा. एका दिशेने न्यायचा आणि मागे फिरायचं नाही. चूक दिसली तरी नाही! हेच जमत नव्हतं मला. चूक दिसली की हात जातोच. पहिले दोन हात बघवत नाहीत, डाग डाग दिसतात. तिसऱ्याला जरा जीव येतो. चौथ्या हातानंतर पाण्यात भिजवलेला बारीक पेपर फुंकर मारल्याइतका हलका फिरवायचा, की पुढचा हात काचेवर बसल्यासारखा बसतो. रंग वाळू नये म्हणून ताटलीत ओलं फडकं, त्यावर केकच्या भांड्यात घालतात तो कागद, त्यावर रंग. दिवसभर ओला राहतो.

ज्याच्या नावाने मला सगळे अबू, म्हणजे बाप, म्हणतात त्या शफीकने माँट्रियलहून फोन केला. आईने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. "बाबा, गाढव कसं आहे?" म्हणाला आणि हसत सुटला. मी फोन तिच्याकडे दिला.

रविवार, २७ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर ब्लांशबाईने, सगळ्यांच्या सित्त ब्लांशने, गाठलं. चर्चच्या समितीची ही मुख्य. गेली वीस वर्षं गुहा हीच मांडते, आणि बेथलेहेमला पहिली गुहा हिनेच झाडून घेतली असावी अशा तोऱ्यात वावरते.

"काय अबू शफीक, पुतळे झाले की इन्शुरन्सची वाट बघताय?"

चारचौघांत! सगळे हसले. रयाक गावाहून इथं येऊन तीन वर्षं झाली मला, आणि अजून यांच्या तोंडी मी 'तो रयाकचा पेंटर'. तीन वर्षांत कुणी कधी काही मागितलं नाही, विचारलं नाही. जुना रंगवणारा वारला म्हणून यंदा पहिल्यांदा माझं नाव निघालं. तेही अबूनांनी काढलं. ही तर नाकच मुरडत होती. बघाच म्हणावं चोवीस तारखेला. हे पुतळे बघून कुणी 'रयाकचा' म्हणालं तर बघतो.

अबूनांना त्या तेलकट डागाबद्दल सांगितलं. म्हटलं, लोक गाढवाला हात लावतात, सगळी खराबी त्यानेच होते, यंदा दोरी बांधा. ते म्हणाले, "म्हाताऱ्या बायका हात लावतात, अबू शफीक. त्यांना नाही कसं म्हणायचं?" मी म्हटलं, दोरी म्हणेल. मागून सित्त ब्लांश म्हणाली, "दोरी बांधाच. यांनी एवढं पॉलिश केलंय म्हणतात, बोटं उमटायची." टोमणा होता, पण माझ्या बाजूने होता. दोरी ठरली.

बुधवार, ३० नोव्हेंबर

गाढवाचा अकरावा हात. खिडकीपाशी धरलं आणि तिरपं केलं. उजेड मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीवर, न अडखळता गेला. एक रेघ नाही. एक कण नाही. ओल्गाचा जुना नायलॉनचा मोजा घेऊन पुसलं तर अंगाला चमक नाही, नुसतं मऊ. जिवंत जनावराच्या कातडीला असतं तसं. ओल्गाने बोट फिरवलं आणि काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा काम झालेलं असतं.

बरं वाटलं. फार दिवसांनी.

रविवार, ४ डिसेंबर

संत बर्बाराचा सण. सकाळी गोड गहू खाल्ले आणि चर्चच्या हॉलमध्ये गेलो. तिथं सित्त ब्लांश आणि तिच्या मैत्रिणी ताटांत ओला कापूस पसरून मसूर पेरत होत्या. तीन आठवड्यांत बोटभर उंच हिरवळ होते, तीच गुहेत अंथरायची. ठीक आहे. रिवाज आहे. आमच्याकडेही होता.

पण ही बाई म्हणते, पुतळे त्या कापसावरच ठेवायचे! ओल्या कापसावर, प्लास्टरचे पुतळे!

"सित्त ब्लांश, प्लास्टर पाणी पितं."

"साठ वर्षं पितंय. अजून मेलं नाही."

"तेव्हा त्यावर तेलाचा रंग होता. हा वेगळा आहे. खालून ओल चढली तर फोड येतील."

"मग हा रंग लावलाच कशाला?"

माझी फुप्फुसं काढून दाखवायची हिला? शेवटी मीच म्हटलं, प्रत्येकाखाली काच घालतो, मापाने कापून आणतो. ती म्हणाली, "हो हो, आणा काचा." दोन वेळा हो म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबर

दिवसभर वीज नाही. जनरेटरवाला पळालाय. खिडकीच्या उजेडात एका मेंढपाळाचा एक कान. बस्स.

मंगळवार, १३ डिसेंबर

मरियमचा चेहरा झाला. नऊ हात. शेवटचा इतका पातळ की ब्रशवर रंग आहे की नाही तेच कळेना. डोळे ओल्गाने काढले, तिचा हात स्थिर आहे. आणि तोंडाने सारखं चालू, "हलू नकोस, श्वास घेऊ नकोस," असं, मलाच. काढून झाल्यावर म्हणाली, "अबू शफीक, ही तुझ्याकडे बघतेय आणि तिला काही पटलेलं नाही."

योसेफ, बैल, दोन्ही मेंढपाळ पुरे. राजे आणि देवदूत उरलेत. बाळाला काही करायची गरजच नव्हती, नुसतं धुतलं.

रविवार, १८ डिसेंबर

मांडणी झाली. खाकी कागद चुरगाळून, रंगवून केलेले डोंगर, मधे गुहा, पुढे मसुराची हिरवळ. पुतळे मी स्वतः एकेक करून दुलईत गुंडाळून नेले आणि अकरा काचांवर ठेवले. कागदाखालचे दिवे लागले तेव्हा हॉलमधले सगळे जवळ सरकले. जेरेस, सित्त ब्लांशचा नवरा, त्याने चक्क चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाला, "हे आपलेच पुतळे?" मी म्हटलं, तुमचेच. तो म्हणाला, "कुठं शिकलात हे?" मी म्हटलं, गॅरेजमध्ये. पहिल्यांदाच वाटलं की रयाकहून आलो ते बरं केलं.

सोमवार, १९ डिसेंबर

काचा काढल्या तिने!

सकाळी सहज डोकावलो तर पुतळे सरळ कापसावर. अकराच्या अकरा काचा वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या. सित्त ब्लांश झारी घेऊन मसुरावर पाणी शिंपडतेय. शिंपडतेय कसली, ओततेय! म्हटलं, हे काय? "अहो, हिरवळीतून काचा चमकत होत्या. बेथलेहेमला काचा होत्या का?" मी म्हटलं, बेथलेहेमला झारी तरी होती का! गाढव उचलून बघितलं. पोट ओलं, पोटाखाली हाताला थंड लागलं, आणि कडेला रंगाला एक फोड. मसुराएवढा. अकरा हात दिले होते त्या गाढवाला. अकरा!

अंगाची लाही लाही झाली. काचा परत घातल्या. घरी येईस्तोवर मनातल्या मनात त्या बाईला इतकं बोललो की जिन्यात शेजारी थबकला आणि म्हणाला, "कुणाशी बोलताय?"

मंगळवार, २० डिसेंबर

अबूनांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्ही दोघंही चर्चसाठीच भांडताय ना? मग भांडा." आणि हसले. असला पाद्री!

काचा परत काढलेल्या. ओल पाठीपर्यंत चढलीय. आता मी घालणार नाही. दोरी मात्र बांधली, पितळी खांबांना, लाल. निदान वरून तरी बोटं लागणार नाहीत.

शनिवार, २४ डिसेंबर

गर्दी. थंडी. लोक गुहेसमोर दोन दोन मिनिटं उभे. मुलांना उचलून दाखवत होते. दोन जणांनी मला "मुअल्लिम" म्हटलं. मुअल्लिम नखले, म्हणजे मी! ओल्गाने कोपराने ढोसलं, "सरळ उभा राहा, फुगू नकोस, कोटाचं बटण तुटेल."

दोरी कुणीही ओलांडली नाही.

रविवार, २५ डिसेंबर

नाताळच्या दिवशी असं लिहायची वेळ यावी!

सकाळच्या मिस्साला उम्म मिलाद आली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, नव्वदीला आलेली, डोळ्यांनी काही दिसत नाही, भाचीच्या हाताला धरून चालते. बशाराची बायको ही. मुलगा मिलाद, तो युद्धात बैरूतला गेला आणि परत आला नाही, एवढं मला माहीत होतं. मी कडेला उभा होतो. ती सरळ गुहेकडे गेली. भाचीने दोरीपाशी थांबवलं. आणि अबूना साबा, ज्यांनी स्वतः दोरीला हो म्हटलं, त्यांनी आपल्या हाताने दोरी वर उचलली. म्हणाले, "या, उम्म मिलाद."

तिने हात गाढवावर ठेवला. पाठीवर. मग खांद्यावर. मग मानेवर, परत पाठीवर. मागे पुढे, मागे पुढे, हरवलेली सुई शोधावी तसं. माझ्या रंगावर तिचा हात घासला जात होता. मग तिने विचारलं, "गाढव बदललंत?"

मी पुढे झालो. म्हटलं, "नाही हो, तेच आहे. मी नीट केलंय. अकरा हात दिलेत."

"तू कोण?"

"नखले. अबू शफीक. रयाकचा."

"लेकरा, हे आमचं गाढव नाही," म्हणाली. हात कोटाला पुसला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. प्रसाद घ्यायलासुद्धा उठली नाही.

आमचं गाढव नाही! सगळ्यांसमोर! महिनाभर टेबलावर जेवलो नाही आम्ही. बोटांची सालं गेली पेपर मारून. त्या गाढवाच्या अंगावर एक रेघ काढून दाखवावी कुणी. आणि ही म्हातारी, जिला दिसत नाही, ती म्हणते आमचं नाही. मग असू द्या जाडजूड, गोळे झालेलं, केस चिकटलेलं! तेच आवडतं यांना. पुढच्या वर्षी शोधा दुसरा. घरी येऊन ओल्गाला म्हटलं, आपण रयाकला परत जाऊ. ती म्हणाली, "आधी जेव."

सोमवार, २६ डिसेंबर

दुपारी सित्त ब्लांश घरी आली. पहिल्यांदाच. मला वाटलं भांडायला आलीय, मीही तयार होतो. तिने कोट काढला नाही. ओल्गाने कॉफी दिली ती तशीच हातात धरून बसली.

"अबू शफीक, गाढवाच्या पाठीवर खड्डा होता. तुम्ही भरलात?"

म्हटलं, हो. भरला. बुजवायलाच हवा होता.

ती कॉफीकडे बघत बोलत राहिली. मी तिचेच शब्द लिहितोय, आठवतात तसे. "मी सात वर्षांची होते. बशाराकाका अंगणात गाढव ओतत होते, आम्ही सगळी पोरं भोवती. मिलाद चार वर्षांचा. काका आत गेले तेवढ्यात त्याने बोट खुपसलं. काकांनी आल्यावर एक चापट दिली आणि खड्डा बुजवायला घेतला. उम्म मिलाद म्हणाली, राहू दे. हसत म्हणाली हो, सहज. पुढे शहात्तर साली तो टायर आणायला बैरूतला उतरला. बावीस वर्षांचा होता. ना प्रेत, ना कबर. तेव्हापासून दर नाताळला ती येते आणि तिथं बोट टेकवते. तिचं बोट आत जात नाही. नुसतं तोंडाशी टेकवते."

मी म्हटलं, कुणी मला सांगितलं का नाही?

"सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत असलेलं कोण कुणाला सांगतं? मलाही काल तिचा हात फिरताना बघून कळलं. त्या दिव्यांत मी नुसता नवा रंग बघत होते." मग म्हणाली, "मी काचा काढायला नको होत्या." हे का म्हणाली कोण जाणे. काचांचा काय संबंध? ओल्गा तिला दारापर्यंत सोडायला गेली आणि दोघी बराच वेळ तिथंच उभ्या होत्या.

तेलकट डाग! हात पुसायला जागा म्हणालो होतो मी. दोरी मीच मागितली होती. महिनाभर या वहीत जगाला शिव्या घातल्या आणि ज्याला घालायच्या तो इथंच बसला होता, ब्रश घेऊन.

ती लांबी दगडासारखी होते. गाडी भंगारात जाते, पत्रा सडतो, पण लांबी तशीच राहते. हेच सांगून मी गिऱ्हाइकं मिळवली. आता ती टोकरून काढायची म्हटलं तर तळाच्या रेघा पहिल्या फटक्यात जाणार. आणि नवं बोट कुणाचं खुपसणार?

मंगळवार, २७ डिसेंबर

सकाळी अबूनांकडून किल्ली घेतली. गाढव हॉलमध्ये खिडकीपाशी नेलं. ओल्गा बरोबर आली, "तू एकटा मोडशील" म्हणाली. पोटाखालचे फोड वाढून पाठीला आले होते. खड्ड्याच्या जागी रंग थोडा उचललेला, गोल, नाण्यासारखा. पातळ पातं त्या कडेखाली सरकवलं. रंग सालीसारखा सुटला, अकराच्या अकरा हात एका पापुद्र्यात. खाली लांबीची टिकली.

पातं लांबीच्या कडेला टेकवलं, जोर दिला नाही, नुसतं टेकवलं. आणि ती हलली.

धरलीच नव्हती ती! खाली पन्नास वर्षांचं तिच्या बोटाचं तेल. मी खरखरीत केलं नव्हतं, थिनर मारला नव्हता. वरून सित्त ब्लांशच्या झारीचं पाणी प्लास्टरमधून चढलेलं. चाळीस वर्षांत माझं एकही काम इतकं वाईट झालं नसेल. मी गाढव उलटं केलं, तळव्यावर हलकेच आपटलं. लांबीची टिकली टप्पकन पडली हातात.

खड्डा जसा होता तसा. रेघा जागच्या जागी. मग ओल्गा म्हणाली, "नखले, हातात बघ."

लांबीचा तो तुकडा. वरचा भाग सपाट, मी पेपर मारून गुळगुळीत केलेला. उलटा केला तर बोट. चार वर्षांच्या पोराच्या बोटाचं टोक, वाटाण्यापेक्षा लहान, त्यावर बारीक गोल रेघा आणि एका अंगाला नख, कड ओबडधोबड. साचाच झाला होता माझ्या लांबीचा. चौसष्ट वर्षं त्या खड्ड्यात जे नव्हतं ते माझ्या तळव्यावर होतं.

ओल्गा रडली. मी नाही. मी ते बोट तिच्या नायलॉनच्या मोज्यात गुंडाळलं आणि वरच्या खिशात ठेवलं. गाढवाला आता हात देणार नाही. पाठीवरची तेवढी जागा उघडीच राहील. दोरी सोडून ठेवली.

बुधवार, २८ डिसेंबर

उम्म मिलादच्या घरी गेलो. काही बोलायच्या आधी ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाचपलं, टोक, रेघा, मग नखाची कड. कडेपाशी थांबली. भाचीकडे तोंड वळवून म्हणाली, "बघ, किती वेळा सांगितलं याला. अजून नखं खातोच."